दारातला लाल खुंटा

मी खुंटा बोलतोय. ढोरं बांधायचा, बाभळीचा, हातभर लांब. ऐकायचं असंल तर ऐका, गोड बोलणं मला जमत नाही. ज्याच्या डोक्यावर जन्मभर घण पडला, त्याचं डोकं गरमच राह्यचं.

माझा जन्म अमळनेराकडचा. सरलाबाईच्या बापानं बांधावरची बाभूळ तोडली, एका जाड फांदीला टोक काढलं आन् मला गोठ्यात ठोकलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, तेव्हा माझ्या डोक्यालाही हळदीचं एक बोट लागायचं. तेवढा मान मला पुरत होता.

सरलाबाईचा नवरा भटू सुरतला कापडाच्या लूमवर लागला. ती त्याच्यामागं निघाली तेव्हा सामान काय, तर डबे, गोधड्या आन् मी. भटू हसला.

"सुरतमा काय बैल बांधशी?"

"बैल नही ते बकरी बांधसू," ती म्हणाली.

आन् बांधलीच. कडोदऱ्याच्या बाजूला शेताच्या कडेनं खोल्या होत्या, पत्र्याच्या, पुढं इवलंसं अंगण. तिथं दारातच तिनं मला ठोकलं. प्लेगच्या साली खोल्यांची सगळी लाइन कुलपं लावून गावाकडं पळाली. मी एकटा राह्यलो. सरलाबाई परत आली तेव्हा कुलूप उघडायच्या आधी तिनं मला धरून हलवून पाह्यलं. मी हललो नाही.

"शे रे, जागावर शे," ती भटूला म्हणाली. घर आहे असं तिला माझ्यावरून कळलं, दारावरून नाही.

पुढच्या थंडीत तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आली. एक साहेब, आन् साखळी, हातोडा, रंगाचा डबा उचलणारा निंबा. कोणी म्हणालं नळ येणार, कोणी म्हणालं लाइटीचे खांब. माणसाची एक खोड मी पाह्यली आहे. ज्याची जागा मोजतात त्याला कोणी काही सांगत नाही, आन् तोही धड विचारत नाही, चहा ठेवतो.

सरलाबाईनं चहाच ठेवला. निंबा पारोळ्याकडचा निघाला. मग काय, माहेरचं माणूस दारात आलं.

"काय मोजी ऱ्हायनात, भाऊ?"

"लाइन मोजी ऱ्हायनूत, बहीण," निंबा बोलला आन् मान खाली घालून खुंटी ठोकायला लागला.

अंगण विटांचे तुकडे घालून कुटलेलं. त्यांच्या खुंट्या फळकुटाच्या. एक चिरली, दुसरी चिरली. साहेबाला पुढं जायची घाई, तो ओरडला, "अरे जल्दी करो, आगळ जवानुं छे."

सरलाबाईला निंबाची कीव आली. तिनं बकरी सोडली, मला दोन्हीकडं हलवून उपटलं आन् त्याच्या हातात दिलं.

"हाऊ ले, भाऊ. बाभूयना शे, पक्का शे."

त्यानं माझं डोकं लाल रंगवलं आन् मला ठोकलं, उंबऱ्यापासून वीतभर. साहेबानं दुर्बिणीतून पाह्यलं, हात वर केला. "बराबर." मला वाटलं, वा, हळदीच्या जागी लाल रंग, मान वाढला आपला. खुंट्याची अक्कल तेवढीच.

कप खाली ठेवताना निंबा हळूच बोलला, "बहीण, आठून रस्ता जाई. मोठा हायवे. हाऊ खुटा म्हणजे रस्ताना मधोमध."

"मंग घर?"

निंबा बकरीकडं पाहत राह्यला.

"चहा पेवाना पहिले सांगता नही उनं का तुले?" ती म्हणाली. त्यानं साखळी गोळा केली आन् गेला.

भटू लूमवरून आला. मला पाह्यलं, रंग पाह्यला.

"कोनी दिधा खुटा?"

"मी दिधा."

त्यानं मला दोन हातांनी धरलं. धरलं तसा मीही जोर सोडला, म्हटलं उपट बाबा, तोडून चुलीत घाल.

"खुटा उपटी टाकशी," ती आतून म्हणाली. "रस्ता कसा उपटशी?"

त्यानं हात सोडला.

आन् रस्ता काही येईना. भिंत बांधायला आणलेल्या विटा तशाच पडून राह्यल्या, त्यावर शेवाळ चढलं. पत्रा गळायचा, भटू शिडी लावायचा, मग माझ्याकडं पाहून शिडी काढायचा. अरे, रस्ता करायचा तर करा, नाहीतर नाही म्हणा. माणसाला वर्षानुवर्षं एक पाय उचलून उभं करता, लाज नाही वाटत?

शेवटी सरकारी लोक खुणेचे सिमेंटचे दगड घेऊन आले. एक दगड मला खेटूनच पुरला. खोल्या रिकाम्या करा म्हणाले. बकरी बमरोलीच्या एका बाईकडं गेली, सामान टेम्पोत चढलं.

"त्या अवदसाले आठेच ऱ्हाऊ दे," भटू म्हणाला. अवदसा म्हणजे मी. सरलाबाईनं पदर खोचला. घाम फुटेपर्यंत मला हलवलं, उपटलं, आन् विटेनं घासून घासून रंग काढला. पुरा निघाला नाही.

आता आम्ही भेस्तानला, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन ती खोलीभर फिरली. कोपऱ्यात टोक टेकवलं, टक्. गॅलरीत टेकवलं, टक्. सगळी फरशी. मग मला दारामागं उभं केलं. धुणं असलं की काढते. जन्मभर मार खाल्ला, आता मी चादरींना मारतो. त्यात काही गंमत नाही.

परवा भटू कडोदऱ्याकडून आला. म्हणाला, रस्त्याचा पत्ता नाही. कंबरेएवढं गवत आलंय. आपल्या दारातल्या त्या सिमेंटच्या दगडाला कोणीतरी बकरी बांधलीय.

सरलाबाई खूप हसली. मग पदर तोंडाला लावून दारामागं आली आन् माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राह्यली.

बाई, मी रागीट आहे, पण तुझ्यावर नाही. तू दिलं ते माहेरच्या माणसाला दिलं. आता एकच कर. कुठं हातभर माती सापडली, तर घण उचल आन् मार माझ्या डोक्यात. जोरात मार. मी चिरणार नाही.