बोटभर तेल

तिने नटाचे शेवटचे दोन आटे हातानेच फिरवले आणि जीपच्या मागच्या डिफरन्शियलमधून, चाकं फिरवणाऱ्या दात्यांच्या पेटीतून, तेलाच्या आधी फेस बाहेर आला. साबणाच्या पाण्यासारखा, करडा, बारीक बुडबुड्यांचा. मनगटावरून ओघळत तो थेट कोपरापर्यंत पोचला.

"परत?" स्टुलावर बसलेल्या आण्णांनी विचारलं.

"परत."

ही तिसरी खेप. जीप डोंगरातल्या वस्त्यांवर जाणाऱ्या डॉक्टरांची. मागच्या आठवड्यात ऐन चढावर मागून घरघर सुरू झाली, फेसाळलेलं तेल हवेच्या नळीतून उतू गेलं आणि एका अडलेल्या बाळंतिणीपर्यंत डॉक्टरांना तासभर पायी जावं लागलं. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. डॉक्टर फोनवर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की आता पुन्हा असं झालं तर मला दुसरं गॅरेज बघावं लागेल.

आज चार वाजता त्या गाडी न्यायला येणार होत्या, आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. ओढ्याचं पाणी शिरत असेल म्हणून तिने सील बदलले होते. हवेची नळी तुंबली असेल म्हणून फुंकून साफ केली होती. तेल बदललं, तेलाचा डबासुद्धा बदलला. फेस मात्र जावयासारखा ठाण मांडून बसला होता.

तिने शेगडीवर पत्र्याचा तुकडा तापवला आणि त्यावर त्या तेलाचा थेंब सोडला. पाणी असतं तर तडतडलं असतं. थेंब गुपचूप धुरकटला.

"पाणी नाही," ती म्हणाली. "हवाच घुसळली जातेय आत."

"तुझं तेल कमी पडत असणार, चिमणे." आण्णांनी चहाचं भांडं ठेवायला म्हणून तो पत्रा बोटांनीच बाजूला सरकवला.

"आण्णा, तापलाय तो."

"कसला तापलाय."

तिला चीड आली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हातभर ग्रीस माखलेलं असताना कुणी चिमणी म्हटलं की यायची तशी, आणि वर ही जुन्या मिस्त्रीची ऐट. गॅरेज आण्णांकडून तिच्या नावावर होऊन चार वर्षं झाली तरी आण्णांनी तपासल्याशिवाय इथून गाडी जात नसे. गाडी अंगणात उभी केली की ते खाली शिरायचे आणि भरायच्या भोकात बोट घालून तेल कुठवर आलंय ते बघायचे. बोट कधी खोटं बोलत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची.

आण्णा चहा घेऊन बाहेर गेले. ती फेस बसायची वाट बघत राहिली. बुडबुडे विरले तसं खालचं तेल स्वच्छ दिसू लागलं, तेव्हा तिने ते मापात ओतलं. मग माप उजेडात धरून पुन्हा बघितलं.

तिने मोजून दोन लिटर भरलं होतं. बाहेर अडीचच्या वर आलं होतं.

एवढं तेल असल्यावर दात्यांखाली ते ताकासारखं घुसळलं जाणारच. पण गाडीत तेल वाढतं होय? कोण मेला माझ्या कामात हात घालतोय, म्हणून तिने मनातल्या मनात दवाखान्याच्या रखवालदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. नवं तेल मोजून दोन लिटर भरलं, नट आवळला आणि नेहमीप्रमाणे जीप अंगणात, फाटकाकडे तोंड करून उतारावर लावली. मग साबण घेऊन नळावर गेली.

परत आली तेव्हा जीपखालून आण्णांचे पाय बाहेर दिसत होते. पायांशी तेलाची पिचकारी होती.

ती जागच्या जागी उभी राहिली. उतारावर गाडीचं नाक खाली, शेपूट वर. तेल पुढे सरकणार, मागचं भोक थोडं रितं दिसणार, हे आण्णांनीच तिला शिकवलं होतं. इतकी वर्षं तो हिशेब धरूनच ते बोट घालत आले होते. तिच्या तोंडाशी बरंच काही एकदम आलं. कायमचं घरी बसा, हेही त्यात होतं.

"आण्णा, बाहेर या."

"बरं झालं बघितलं. उतार धरूनही बोटाला लागायला हवं, तर कुठे काही लागतच नाही. सारखं कमीच भरतेस तू. मीच आपला दर वेळी पुरं करतोय."

जीपखालून त्यांचा हात उजेडात आला, एक बोट वर केलेलं.

"बघ. कोरडं ठणठणीत."

बोट दुसऱ्या पेरापर्यंत तेलाने माखलं होतं. तेल तळव्यावरून मनगटाकडे ओघळत होतं. त्याच बोटाच्या टोकाला पत्र्याचा ताजा, लालभडक चटका होता.

ती खाली बसली. फडक्याने तिने ते बोट पुसलं, हळूच, लहान मुलाचं पुसावं तसं.

"हो," ती म्हणाली. "कोरडंच आहे."

चारला डॉक्टर आल्या तेव्हा जीप पुन्हा आत सपाट फरशीवर होती आणि जादा तेल मापात निथळत होतं.

"काय निघालं शेवटी?"

"तेल जास्त झालं होतं. चूक माझी."

डॉक्टरांनी मापातल्या तेलाकडे बघितलं. "तुझी?"

"माझीच. आता होणार नाही." ती नट आवळायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. "डॉक्टर, पाच मिनिटं आहेत? आण्णांचे हात जरा बघता?"

"माझ्या हातांना काय धाड भरलीय?" आण्णा म्हणाले, पण गिऱ्हाइकाचा मान राखायचा म्हणून त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले.

डॉक्टर स्टूल ओढून समोर बसल्या. चटका बघितला. खिशातलं पेन काढलं.

"डोळे मिटा. मी बोटाला पेन टेकवलं की सांगायचं."

आण्णांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी अंगठ्यावर पेन टेकवलं, मग पुढच्या बोटावर, मग त्याच्या शेजारच्या. तिच्या हातातला पाना नटावर तसाच थांबला. डॉक्टरांनी दुसरा हात घेतला आणि पाचही बोटं केली.

आण्णा डोळे घट्ट मिटून, शहाण्यासारखे वाट बघत बसले होते.

"करा की सुरू," ते म्हणाले.