मी गप्प होतो तेव्हा

मी एक जुना नादकाटा आहे, मित्रांनो. दोन दांड्यांचा, पोलादी. फेझ शहरात, चामडं कमावणाऱ्यांच्या आळीत, डॉक्टर बुशरांच्या टेबलावर माझी तीस वर्षं गेली. मला आपटलं की मी थरथरतो आणि गुणगुणतो. तेवढंच मला येतं.

त्या सकाळी तामूने नवऱ्याला, अल्लाल उस्तादांना, ओढतच आणलं. त्यांच्या सपातांत तिला रक्त दिसलं होतं.

"अगं, काही दुखत नाही मला! चुन्याच्या हौदात कातडी तुडवायची राहिलीत. चुन्याने पाय चरचरतात ते शिकाऊंचे. माझे पक्के झालेत."

पाय चरचरायचा थांबला की माणूस उस्ताद झाला, असं ही आळी मानते. ते ऐकलं की मला धडकी भरते.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि मला आपटून मनगटाच्या हाडावर टेकवलं. कातडीखालच्या इवल्या संवेदकांनी माझी थरथर टिपली. मज्जातंतूंनी ती मज्जारज्जूपर्यंत नेली, तिथून मेंदूत पोचवली.

"गुदगुल्या होतात हो!" उस्ताद हसले.

मग पायाचा अंगठा, मेंदूपासून सर्वांत लांबचा.

"थरथरतोय."

तामूला हायसं वाटलं. मला नाही. माझी गुणगुण त्यांना कानांनी ऐकू येत होती ना!

डॉक्टर कसल्या फसतात! त्यांनी मला पुन्हा आपटलं, पण लगेच मुठीत दाबून गप्प केलं आणि मग टेकवलं.

"आता?"

"थरथरतोय की! चांगला जोरात."

उस्तादांनी डोळे उघडले, मला निपचित पडलेलं पाहिलं आणि मान खाली घातली.

"पुदिन्याच्या चहात साखरेचे खडे किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार," तामू म्हणाली, "आणि माझी पाठ वळली की सहा."

"रक्तात साखर साचली की मज्जातंतू झिजतात, उस्ताद. लांबचे आधी."

टाचेत कातडी खरवडायच्या सुरीचा गंजलेला तुकडा रुतला होता, भोवती पू. डॉक्टरांनी तो उपसला तेव्हा तामू कळवळली. उस्ताद नुसते बघत होते.

"आठवडाभर उशीर झाला असता, तर पाय कापावा लागला असता."

"डॉक्टरबाई," उस्तादांनी विचारलं, "मला दुखायला कधी लागेल?"

"ते नाही सांगता येत. पाय मात्र वाचवू."

"रोज तळवे मी बघेन," तामू डोळे पुसत म्हणाली. "तुमचा पाय ओरडला नाही, तर मी ओरडेन!"

मित्रांनो, घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर त्यांचे तळवे रोज बघा. मी पोलादाचा आहे, मला काहीच दुखत नाही. माणसाचा पाय माझ्यासारखा होऊ देऊ नका.