शंभर अधिक वय

सकाळी उठल्यापासून ते प्रार्थना आटोपून पुढे तासभर मी कुणाशी बोलत नाही. एकोणीस वर्षांचा नेम आहे. त्याच तासात आईच्या खुर्चीत बसून मी दंडाला प्रेशरच्या मशीनचा पट्टा बांधते, बटण दाबते, आणि पट्टा फुगत असताना मागून आई विचारते, "मापात आहे ना गं?"

आईला जाऊन तीन वर्षं झाली. मौन असल्यामुळे मी नुसती मान हलवते.

आम्ही दोघी शिवणकाम करायचो. पुढच्या खोलीत दोन मशीनं, मध्ये कापायचं टेबल. बाईचं अंग विशीत एक, चाळिशीत दुसरं, साठीत तिसरं, म्हणून आई प्रत्येक शिवणीत आत दोन बोटं कापड राखायची. पुढे उसवून सैल करता यायला हवं. प्रेशरचंही तिनं तसंच ठरवून टाकलं होतं. वयात शंभर मिळवायचे, वरचा आकडा त्याच्या आत बसला की बाई ठणठणीत. हे तिनं कुठे ऐकलं, देव जाणे. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत शेवटच्या पानांवर तिचे, माझे आणि माझ्या लेकीचे आकडे असत.

त्या दुपारी आईचं डोकं जड झालं होतं. मी मापलं. एकशे बहात्तर. तिचं वय शहात्तर. बेरीज मीच केली.

"मापात आहे, आई. वर चार उरलेत."

म्हातारीला चारची सवलत मिळाली म्हणत ती हसली आणि आडवी झाली. चहाला हाक मारायला गेले तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. तिसऱ्या दिवशी गेली. वहीत त्या आकड्याशेजारी माझ्या हातची बरोबरची खूण आहे.

गेल्या महिन्यात लेक राहायला आली. ती अठ्ठावीस वर्षांची, तिचं वरचं एकशे आठच्या पुढे कधी जात नाही. माझी मान सकाळी दुखते हे तिनं दोन दिवसांत हेरलं. मी वही दाखवली. वय चौपन्न, आकडा एकशे पन्नास, म्हणजे अजून चार हातात. आजीच्या वहीनं गावभर कपडे शिवले, आता तुला औषधही तीच शिवून देणार का, असं म्हणून तिनं मला दवाखान्यात नेलं.

तिथल्या सिस्टरनं आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. मी मनात म्हटलं, हे तर माझं रोजचंच. मग दोनदा मापलं. एकशे बावन्न, खाली शहाण्णव. किती दिवस अंगावर काढताय, असं विचारलं. मी वयाचा हिशोब सांगितला तशी ती हसली, पण हळूच. पाळी थांबल्यावर बायकांचं प्रेशर चढायला लागतं, पुष्कळजणींचं चढतं, म्हणून काही ते निरोगी होत नाही, असं तिनं समजावलं. विशी असो की सत्तरी, एकशे वीस-ऐंशीच्या आसपास असलं की चांगलं. फार वयस्कर माणसाला डॉक्टर तब्येत बघून थोडी ढील देतात, पण ती डॉक्टरांनी द्यायची.

मी पट्ट्याचा वळ चोळत बसले होते.

"शहात्तराव्या वर्षी एकशे बहात्तर असेल तर?"

तिचं लिहिणं थांबलं. "डोकं दुखत होतं का?"

"जड होतं म्हणाली."

"मग लगेच आणायला हवं होतं, काकू."

लेकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. परत येताना डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पुडी मी मुठीत धरली होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली. खुर्चीत बसले, पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगला.

"मापात आहे ना गं?"

मान हलेना. लेक दारात उभी होती, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच. तिला काय दिसत होतं कोण जाणे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या तासात मी तोंड उघडलं.

"नाही, आई. तेव्हाही नव्हतं."

पट्ट्यातली हवा उतरली. मागून कुणी बोललं नाही. लेक आत आली आणि जमिनीवर माझ्या पायांशी बसली.

नेम मोडला तो मोडला, उद्यापासून पहिला दिवस. मी गोळी घेतली, वही काढली आणि माझी ती खूण खोडली. आकडा तसाच ठेवला.

आई अजून येते. विचारत काही नाही. पट्टा उतरेपर्यंत पाठीमागे उभी असते, आणि मशीन मी जरा वर धरते, तिला आकडा नीट दिसावा म्हणून.