टोपीवरचा कोंबडा

माझ्या शिवणाला नावं ठेवणाऱ्याला मी आजवर सोडलेलं न्हाय, मग तो गिऱ्हाईक असू दे न्हाय तर साहेब. मी बाळाबाई. सिद्धार्थनगरात तीस वर्सं ब्लाउज शिवतो. शिवतो म्हणजे शिवतोच. आम्ही कोल्हापूरच्या बायका आलो-गेलोच म्हणतो, ज्यास्नी हसायचं हाय त्यांनी खुशाल हसावं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. माझी एकुलती एक पोरगी निशिगंधा तवा बावीस वर्सांची हुती. बी.कॉम. झालेली, अन् शाहूपुरीत गणपतराव म्हणून एक हाय, त्याच्या हापिसात कामाला. त्याचा धंदा असा: अमेरिकेतली दुकानदार मंडळी टोप्यांवर, शर्टांवर आपल्या दुकानाचं चित्र दोऱ्यानं भरून घेत्यात. भरतंय मशीनच. पण टाका कुठनं सुरू करायचा, कुठं वळवायचा, कुठं थांबवायचा हे मशीनला आधी सांगून ठेवावं लागतंय. ती सांगायची फाईल कॉम्प्युटरवर करायची अन् इंटरनेटवरनं धाडून द्यायची. गणपतरावाकडं सात पोरं-पोरी बसून असल्या फायली करायची. निशी त्यातलीच एक.

एक दिवस ती भर दुपारी घरात आली. डबा तसाच भरलेला. मी म्हणलं, "आगं, बरं न्हाय का?"

"नोकरी सोडून आलो," म्हणली.

झालं असं हुतं. एका शर्टावरच्या अक्षरात टाका लई लांब पडत हुता. निशीनं साहेबाला सांगितलं, "हा टाका धुण्यात अडकून निघंल. माझी आई म्हणती, लांब टाका अन् उधारीचं सोनं, दोन्ही अंगावर टिकत न्हाईत." गणपतरावानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तुझी आई झंपर शिवती. हितं अमेरिकेचं काम चालतंय. झंपराचं डोकं घरी ठेवून येत जा." बाकीची सगळी फिदीफिदी हसली. निशीनं डबा उचलला अन् बाहेर पडली.

माझं डोसकं सणकलं. पायताण पायात घालायचं सोडून हातात घेतलं अन् दाराबाहेर पडलो बी. निशीनं मागनं पदर धरला.

"भांडून काय हुणार आई? हेच काम मी घरात बसून करतो. थेट अमेरिकेचं. मधी कुणी गणपतराव नको."

संध्याकाळी तिचं बाबा घरी आलं. आमचं धोंडीराम एका शाळेत शिपाई. पोरीला ती नोकरी लागावी म्हणून ह्या माणसानं गणपतरावाकडं चार येरझाऱ्या घातल्या हुत्या. सगळं ऐकून घेतलं अन् भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत इचारलं,

"ते फायली करायचं सॉफ्टवेअर हाय, ते किती दिवस फुकट चालतंय म्हणालीस?"

"तीस दिवस."

"मग तीसच दिवस. तवर एक तरी गिऱ्हाईक खूश करून दाखव. न्हाय तर गणपतरावाच्या हापिसात जायचं, सगळ्यांच्या म्होरं माफी मागायची अन् खाली मान घालून कामाला बसायचं."

"व्हय," निशी म्हणली. त्या सात जणांच्या म्होरं माझी पोरगी माफी मागणार? कशापायी? तर आईचं शिवण खरं म्हणली म्हणून!

माझा भाचा सम्राट पुण्याला नोकरीला जाताना आपला जुना कॉम्प्युटर आमच्याकडं ठेवून गेलता. तो बाबासाहेबांच्या फोटोखाली मांडला अन् शेजारी माझं पायमशीन. इंटरनेटला फोनची तार जोडायची, मग फोन बंद. शेजारची शेवंताबाई बोंब मारायची, "बाळाबाई, तुमचा फोन लागतच न्हाय की!" मी म्हणायचो, "आमी अमेरिकेशी बोलायलोय, तुमी उद्या या."

बोलत कुठलं काय. इंटरनेटवर एक जागा असती, तिथं गोरी माणसं काम सांगत्यात अन् जगभरची पोरं 'मला द्या, मला द्या' म्हणत्यात. पैल्यांदा केलेल्या कामाला गिऱ्हाइकानं काय शेरा दिला, ते बघूनच म्होरचं काम मिळतंय. निशीच्या नावापुढं एकबी शेरा न्हाय. काम न्हाय म्हणून शेरा न्हाय, शेरा न्हाय म्हणून काम न्हाय. एकवीस दिवस पोरीनं अर्जावर अर्ज केलं. एकाचंबी उत्तर न्हाय. धोंडीराम रोज भिंतीवरच्या कॅलेंडरावर एक फुली मारायचं. मला असा राग यायचा, वाटायचं ते पेनच चुलीत घालावं.

बाविसाव्या दिवशी निशीनं अर्जात उगाचच्या फुशारक्या मारायचं सोडलं. सरळ लिवलं, 'माझी आई पंचवीस वर्सं मशीनवर शिवती. मी त्या मशीनशेजारी बसून वाढलोय. कापड काय करतंय ते मला ठाऊक हाय.' अन् बघा, गणपतराव ज्याला हसला त्याच गोष्टीवर काम मिळालं! अमेरिकेतला एक अंडीवाला. मोठा कोंबड्यांचा फार्म. गावच्या जत्रेसाठी त्याला चाळीस टोप्या करायच्या हुत्या. टोपीवर गोल, अन् गोलात तुरा उभारलेला कोंबडा. निशीनं तीन दिवस जीव वतून फाईल केली अन् धाडली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी त्या अंडीवाल्या पावण्याचं उत्तर आलं. पावण्यानं तिथल्या भरतकामाच्या दुकानातनं पैली टोपी शिवून घेऊन तिचा फोटोच धाडला हुता.

काय सांगू बया! गोलाचं अंडं झालंतं. कोंबड्याचा तुरा डोक्यापासनं सुटून बाजूला गेलता अन् मधी कापड फुगून वर आलंतं. खाली पावण्यानं लिवलं हुतं, 'टोप्या शिवायचं दुकान उघडायच्या आत नीट फाईल द्या. न्हाय तर काम रद्द, अन् मला काय वाटलं ते मी सगळ्यांना दिसंल असं लिवणार.' ते दुकान उघडायचं म्हणजे आपल्या संध्याकाळचं साडेसहा. अन् त्या दिवशीचं लोडशेडिंग पेपरात छापलेलं: अकरा ते तीन, परत सहापासनं.

निशीनं फाईल उघडली. कॉम्प्युटरवर गोल म्हणजे अगदी भाकरीसारखा गोल. कोंबडा बी झकास. "हितं तर कायबी चुकलेलं न्हाय आई! मी दुरुस्त काय करू?" म्हणेपर्यंत अकरा वाजलं अन् लाईट गेली. काळ्या काचेकडं बघत पोरगी रडायलाच लागली.

"संपलं आई. उद्या गणपतरावाकडं जातो."

मी फोटो बघितला हुता. मला त्यातलं इंग्रजी कळलं न्हाय, पण कापड कळलं.

"रडतीस कशाला? कापड सरकलंय नुसतं. टाका कापडाला वढतो, हे काचेला कुठनं ठावं असणार? तू कुठनं कुठं शिवायला लावलंस ते सांग मला."

"पण लाईट..."

"लाईट तुझी गेली. माझ्या मशीनला कवा लाईट लागलीती?"

खुंटीवर धोंडीरामची जुनी टोपी हुती, म्होरनं कडक असलेली. मागची शिवण उसवली, टोपी सपाट केली अन् लाकडी कडीत ताणून बसवली. मशीनचा कापड धरून ठेवणारा दाब काढला, म्हणजे कडी हातानं पायजे तिकडं फिरवता येती. असंच मी साड्यांवर भरतकाम करतो. निशी वहीत बघून सांगायला लागली, "पैला गोल, डावीकडनं. आता शेपूट. आता पंख. आता डोकं. शेवटी तुरा." मशीन घालतं तितकं टाकं मी घातलं न्हाईत, पण वाट तीच धरली. पाय चालवत हुतो अन् बोटांखाली कापड हळूहळू उजवीकडं पळताना कळत हुतं.

अर्ध्या तासानं कडी काढली. गोलाचं अंडं! तुरा बाजूला! कापड फुगलेलं!

"बिघडला! आई, अगदी तसाच बिघडला!" निशी नाचायलाच लागली. कोंबडा बिघडल्याचा एवढा आनंद आख्ख्या कोल्हापुरात कुणाला झाला नसंल.

"आता ऐक," मी म्हणलं. "टोपीला मधोमध शिवण असती. एका बाजूनं सुरू केलंस की सगळं कापड दुसऱ्या बाजूला गोळा हुतंय, मग ते जाणार कुठं? टोपी मधनं बाहेर शिवायची अन् खालनं वर. कापड पुढं ढकलत न्यायचं. अन् गोल सगळ्यात शेवटी."

पण शिवून बघायला दुसरी टोपी न्हाय! तेवढ्यात दारात धोंडीराम. मधल्या सुट्टीत जेवायला आलतं. आपल्या टोपीवर वाकडा कोंबडा बघून त्यांचं डोळं मोठं झालं. निशीनं पावण्याचं, फोटोचं, साडेसहाचं सगळं सांगून टाकलं. मी मनात म्हणलं, आता हे कॅलेंडर काढणार. ते आत गेलं. ट्रंक वाजली. बाहेर आलं ते नवी कोरी टोपी घेऊन. शाळेच्या सहलीत मिळालेली, एकदाबी न घातलेली.

"ही घे," म्हणलं. "अन् जेवायचं माझं मी घेतो."

त्या माणसाशी मी सव्वीस वर्सं संसार केला, पण त्या दिवशी मला तो लई आवडला.

दुसरी टोपी मधनं बाहेर शिवली. निशी माझी टेप घेऊन प्रत्येक टाक्याला वाकून बघायची अन् वहीत लिवायची, पंख किती सरकला, तुरा किती. गोल जिथं आत वढला जात हुता, तिथं तो आधीच थोडा बाहेर काढायचा, म्हणजे वढून बरोबर गोल हुणार. कडी काढली अन् कोंबडा ताठ मानेनं उभा हुता.

तीनला येणारी लाईट पावणेचारला आली. पोरगी कॉम्प्युटरला चिकटली. सगळी वाट उलटी, प्रत्येक तुकडा पुन्हा. पाच वाजलं. साडेपाच. दारात शेवंताबाई उभी, "फोन कवा सुटणार?" मी तिच्याकडं असं बघितलं की ती आल्या पावली गेली. पावणेसहाला फाईल धाडायला घेतली तर तार तुटली. परत जोडली, परत तुटली. तिसऱ्यांदा जोडली अन् 'गेली!' असं निशी वरडली. मी पाणी प्यायला उठलो तवर सहा वाजलं अन् घर अंधारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोटो. टोपी घातलेला लाल तोंडाचा पावणा हसतोय, अन् त्याच्या कपाळावर आमचा कोंबडा, गोलात गोल. खाली त्यानं सगळ्यांना दिसंल असं लिवलं हुतं, ते निशीनं तीनदा वाचून दाखवलं: 'ह्या बाईला कापड कळतं. टोपीचं काम असंल तर दुसऱ्या कुणाकडं जाऊ नका.' धोंडीराम उठलं, कॅलेंडराचं ते पान टर्रकन फाडलं अन् पेढं आणायला गेलं. मी पदरात तोंड घालून रडलो. लाजायचं कशाला सांगायला.

त्या एका शेऱ्यावर आठ दिवसात तीन टोप्यांची कामं आली, महिन्यात अकरा. सॉफ्टवेअर इकत घेतलं. निशी फाईल करणार, मी शिवून बघणार, मगच ती जाणार. दोन वर्सांत खोलीत तीन कॉम्प्युटर झालं अन् गणपतरावाकडच्या दोन पोरी आमच्याकडं कामाला आल्या. त्या हसणाऱ्यांतल्याच. मी त्यांना कायबी बोललो न्हाय. एकदाच बोललो.

अन् दोन हजार आठच्या दिवाळीआधी दारात गाडी थांबली. गणपतराव. हातात मिठाईचा बॉक्स, अन् आवाज असा मऊ, जसा लोण्यातनं काढलाय.

"बाळाबाई, निशिगंधा मॅडम हाईत का?"

मॅडम! मी मशीनवरच बसलोतो. उठलो न्हाय. निशी बाहेर आली अन् खुर्ची दिली. गणपतरावाचं म्हणणं असं, की त्याच्या टोप्यांच्या फायली परत यायला लागल्यात, गिऱ्हाइकं तुटायला लागलीत, तर टोप्यांचं सगळं काम निशीनं करावं, म्हणेल तो दर.

"तुमच्याकडं शिवून बघायला मशीन कुठलं हाय ओ?" त्यानं खोलीभर नजर फिरवली. "जपानी घेतलंसा काय?"

निशीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी पाय मारला. खड खड खड. कडीत एका टोपीवर बदक निम्मं झालंतं, मधनं बाहेर, खालनं वर. गणपतराव वाकून बघत बसला.

"बाळाबाई," शेवटी म्हणाला, "त्या दिवशी मी जरा जास्त बोललो. माफी..."

"माफी नको," मी म्हणलं. "माफीला आमच्या घरात लई दिवस जागा ठेवली हुती, आता न्हाय. मला एवढंच सांगा, त्या शर्टावरचा टाका लांब हुता का न्हाय?"

गणपतरावानं मिठाईचा बॉक्स खाली ठेवला. त्याच्याकडनं आलेल्या दोन्ही पोरी हात थांबवून बघायला लागल्या.

"लांब हुता," तो म्हणाला. "धुण्यात निघाला. आख्खा माल परत आला."

"मग बसा की, साहेब," मी मशीनवरनं उठलो. "च्या टाकतो."