ओठाखालचं बोट

फुलानं चुलीपुढे बसल्या बसल्या स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं आणि ‘क’ म्हणून पाहिलं. ओठ हलले नाहीत. ‘त’ म्हटला तर जीभ दातांना टेकली, ओठ तसेच उघडे. ‘प’ म्हणताना मात्र ते एकमेकांवर मिटले. फ, ब, भ, म यांचंही तेच. अक्षराची ओळख नसलेल्या बाईनं नवऱ्याचं दुखणं असं नेमकं शोधून काढलं.

जर्मन लढाईच्या साली, ऐन पावसाळ्यात परशूचं तोंड डावीकडे लुळं पडलं होतं. गुंद गावच्या देवापुढे सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. आणि देवाकडे मागायचं ते पोरंबाळं, पीकपाणी, पाऊस, सगळं ओठ मिटूनच म्हणायचं. दसऱ्याला तो अडखळला तर मान चुलतभाऊ नागूकडे जाईल, असं पंचांनी सांगून टाकलं होतं. नागूनं पाठांतरही सुरू केलं होतं, आणि ते फुलाला चांगलंच झोंबत होतं.

“व्हटाखाली बोट लावा,” ती परशूला म्हणाली. “वर उचला. आता म्हणा.”

पहिल्या दिवशी नुसती हवा निघाली. पंधरवड्यानं ‘पाऊस’ निघाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खं गाऱ्हाणं न अडखळता झालं, तेव्हा फुलाला रडूच आलं.

दसऱ्याला देवळापुढे गाव जमला. परशूनं नारळ ओंजळीत घेतला, आणि तेव्हा कुठे दोघांच्या ध्यानात आलं. गाऱ्हाणं संपेपर्यंत नारळ दोन्ही हातांत धरायचा असतो. महिनाभर घोकताना एवढी साधी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती.

“राखणदारा,” परशू म्हणाला. पुढच्या ‘बारा वाड्यां’पाशी हवाच निघाली. नागूनं एक पाऊल पुढे टाकलं.

बायका मागे उभ्या होत्या. फुला त्यांच्यातून निघाली, पुरुषांतून वाट काढत नवऱ्याशेजारी आली आणि त्याच्या ओठाखाली बोट टेकवलं. पंचांतला म्हातारा येसाजी खाकरला. बाईनं इथं यायचं नसतं, असं त्यानं बजावलं.

“गाऱ्हाणं तेंचंच हाय,” फुला म्हणाली. “माझं निस्तं बोट हाय.”

ती हलली नाही. परशूनं डोळे मिटले आणि बारा वाड्यांच्या पोराबाळांसाठी मागणं मागितलं, स्वच्छ शब्दांत. आता गावानं होकार द्यायचा. पण सगळे येसाजीच्या तोंडाकडे बघत गप्प राहिले.

नागूनं पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

मग गाव म्हणाला. नारळ फुटेपर्यंत फुलाचं बोट तिथंच होतं.