रसिकाच्या हातावरचा कोळी
निवृत्त शिक्षिका जानकीबाई परसात पालथ्या पडून जास्वंदीवरच्या कोळ्यावर मोबाइल रोखून होत्या. मोबाइलला लावायचं भिंग लेकीने कालच पाठवलं होतं.

शेजारची रसिका धावत आली. "काकी, पडलंस काय गो?"

आधाराला तिने हात पुढे केला, तर कोळी टुणकन त्यावरच बसला. रसिकाची बोबडी वळली.

"गप रव, हलां नको!" म्हणत जानकीबाईंनी तांदळाएवढ्या त्या जिवाचा फोटो टिपला. फोटोतले चार टपोरे डोळे पाहून रसिका भीतीच विसरली.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून तिची हाक आली, "काकी, बेगीन ये! आमच्या केळीर हिरवो कोळी गावलो!"

जानकीबाई अर्धा चहा तसाच टाकून निघाल्या.