वरचा आरेकरी

“तुमी काम काय करता, भाऊ?” असं विचारायला मिशनच्या बाईंना अजून येत नव्हतं. त्या म्हणाल्या, “आपला व्यवसाय काय?”

माझा नवरा मुखरू चांद्याच्या दवाखान्यात खाटेवर पडून होता. ओंडक्यातली पाचर उडून त्याचा उजवा डोळा गेला होता. डावा तेवढा राहिला, तोही धूसर.

“आरा ओढतो, बाई. एटापल्लीच्या जंगलात,” मुखरू म्हणाला.

“मी वरच्या आरेकऱ्याची बायको,” मी सांगितलं. तेवढं सांगायला हवंच. खड्ड्यावर सागवान आडवं टाकतात. वरचा आरेकरी त्यावर उभा राहून, सुताने मारलेली काळी रेघ पाहून आरा, म्हणजे दोघांनी ओढायची लांब करवत, चालवतो. खालचा खड्ड्यात उभा राहून, डोळे मिटून ओढतो अन् भुसा खातो. आमचा खालचा लटारू. त्याची बायको कलाबाई रोज त्याचे केस झटकायची अन् मी अंगणातून विचारायची, “का वं, आज किती पायल्या भुसा निंगाला?”

गोऱ्या बाई हसल्या. “माझं आडनाव सॉयर. आमच्याकडे आरा ओढणाऱ्याला सॉयर म्हणत.”

मुखरू उठूनच बसला. “मंग तुमच्या घरी आता कोन ओढते?”

“कोणीच नाही. वडील मास्तर आहेत, आजोबांचं कापडाचं दुकान होतं. सॉयर गावोगाव सापडतील, आरा कोणाच्याच घरी नाही.”

“तुमचा पयला मानूस वर होता का खाली?” मी विचारलं.

बाई म्हणाल्या, “ते कोणालाच ठाऊक नाही.”

“येवढं राज्य केलं, अन् हे ध्यानात नाई ठेवलं!” मी म्हटलं.

गावी परतल्यावर मुखरू पुन्हा वर चढला. एका डोळ्याने रेघ धरवेना. फळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ. ठेकेदार म्हणाला, “उद्या दुसरी जोडी आनतो.”

म्हणजे दोघांचंही काम गेलं.

सांजेला लटारू दारात आला. “भाऊ, मी वर जातो, तुमी खाली या. तिथी डोये लागतच नाई.”

“माहा मानूस खड्ड्यात उतरनार नाई!” मी म्हटलं.

मुखरूने आऱ्याचे दात चाचपले. मग म्हणाला, “काऊन? त्या बाईचा आजा-पंजा वर होता का खाली, कोनाले मालूम हाये? आरा ओढत होता, येवढं नाव राह्यलं ना.”

दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात उतरला. फळी सरळ निघाली.

सांजेला घरी आला तेव्हा भुवया, मिशा, केस, सगळं भुशाने पिवळं. समोर कलाबाई तिच्या अंगणात उभी होती. तिने तोंड उघडलं की काय उत्तर द्यायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं.

ती ओलं फडकं घेऊन आली. “झटकू नका, बाई. राह्यलेल्या डोयात जाते. पुसून काढा.”

मी फडकं घेतलं. मुखरू आत जायला निघाला, तर त्याला थांबवलं. अंगणाच्या मधोमध पाट मांडला, सगळ्यांना दिसेल असा, अन् त्याला म्हटलं, “बसा इथी.”